ब्रिक्समीटरच्या ॲल्युमिनियम डबीला स्प्रे पेंट: आठ महिन्यांनंतर

हा रंग मी हौसेने दिलेला नाही. डबी सडायला लागली म्हणून दिला. ॲल्युमिनियम गंजत नाही असं आपण म्हणतो, आणि स्वयंपाकघरात ते बऱ्यापैकी खरंही आहे. द्राक्षबागेत नाही.

मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत क्वालिटीला आहे. घरची बाग दिंडोरी तालुक्यात, ती थोरला भाऊ बघतो. घड तयार व्हायला आले की मण्याचा रस काचेवर टाकून गोडी बघायला जे नळकांडं डोळ्याला लावतात, ते हँड रिफ्रॅक्टोमीटर. आमच्याकडे सगळे त्याला ब्रिक्समीटरच म्हणतात. त्याची मूळ प्लास्टिकची पेटी पहिल्याच हंगामात बिजागरीपाशी तुटली. म्हणून ओळखीच्या शीटमेटलवाल्याकडून दीड मिलिमीटर ॲल्युमिनियम पत्र्याची वीतभर लांबीची डबी वाकवून घेतली. पॉप रिव्हेट मारलेली बिजागरी, पुढे कडी, आत फोम. दिसायला झकास. दादाने ती शेडमध्ये खिळ्याला अडकवली, नेमकी बोर्डो कालवायच्या टाकीच्या वर.

बोर्डो म्हणजे बुरशीसाठी वेलींवर फवारायचं मिश्रण. एक टक्क्याचं असेल तर शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणि एक किलो चुना. जमलं की नाही हे बघायला दादा अजूनही विळ्याचं पातं त्यात बुडवतो. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं उरलंय, अजून चुना घाला. माझ्या डबीवर नेमका तोच प्रयोग रोज चालू होता. मोकळ्या मोरचुदातलं तांबं ॲल्युमिनियमवर बसतं, वर ओल असली की तांब्याच्या शेजारचं ॲल्युमिनियम खाल्लं जातं. चुन्याचा क्षारही पत्र्याला सोसत नाही. महिन्याभरात झाकणावर काळे ठिपके आले आणि नख लावलं तर खड्डे लागायला लागले. दादा म्हणाला, "विळा कशाला बुडवू आता, तुझी डबीच बघतो."

पहिला प्रयत्न सप्टेंबरमध्ये केला आणि तो सपशेल फसला. एक काळा मॅट स्प्रे आणला, डबी फडक्याने पुसली आणि सिडकोतल्या आमच्या गच्चीवर मारला. आभाळ भरलेलं होतं, पाऊस थांबून तासभर झाला असेल. अर्ध्या तासात काळ्यावर दुधाळ पांढरट झाक आली. फवारलेला रंग सुकताना द्रावक इतक्या झपाट्याने उडतं की पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. कंपनीत पेंट शॉपला पावसाळ्यात आर्द्रता कमी होईपर्यंत काम थांबवताना मी शंभर वेळा पाहिलंय, आणि घरी मात्र गच्चीत उभा राहून हेच केलं. दिवाळीपर्यंत कडेने पापुद्रे सुटले. ॲल्युमिनियमवर हवेनेच ऑक्साइडचा एक अतिशय पातळ, गुळगुळीत थर धरलेला असतो. साधा रंग त्यावर नुसता टेकतो, धरत नाही.

पण काळ्याची खरी चूक रंग सुटण्यात नव्हती. ऑक्टोबर हीटमध्ये दादाने डबी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवली. दुपारी मीटर काढून डिस्टिल्ड पाणी टाकलं तर रेघ शून्यावर येईना, खाली गेलेली. आमच्या मीटरवर तापमानाची भरपाई आपोआप होते, पण ती १० ते ३० अंश सेल्सिअसपर्यंतच. आत एक द्विधातूची पट्टी असते, ती तापून वाकते आणि भिंग सरकवते, तिलाही मर्यादा आहे. काळ्या डबीतला मीटर तीसच्या कितीतरी वर गेला होता. व्यापारी बांधावर उभा असताना असं झालं असतं तर गोडी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसली असती, आणि भाव कुणी पाडला हे डबीला विचारता आलं नसतं. उघडं चकचकीत ॲल्युमिनियमही उन्हात हाताला चटका देतं, कारण घेतलेली उष्णता ते बाहेर टाकत नाही. तेव्हा रंग हवाच होता, पण उजळ.

उजळ म्हणजे कोणता, यावर घरात पुष्कळ चर्चा झाली. पांढरा सगळ्यात थंड, पण चुन्याच्या पोत्यांत डबी सापडणार नाही. पिवळा पिकलेल्या पानांत हरवतो. पान हिरवं, माती काळी, बोर्डो निळा, उरला केशरी. फ्लोरोसंट केशरी दुकानदाराने काढून दाखवला होता. तो घेतला नाही, कारण असले झगमगीत रंग उन्हात फार लवकर विटतात. साधा केशरी ॲक्रिलिक घेतला. ४०० मिलिच्या डब्याला मला अडीचशे रुपये पडले आणि अर्ध्याहून जास्त रंग अजून शिल्लक आहे.

दुसरा प्रयत्न नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. या वेळी पत्र्याची एक उरलेली पट्टी शीटमेटलवाल्याकडून मागून घेतली आणि डबीला जे करीन ते आधी पट्टीला केलं. हे केलं नसतं तर बाकी सगळं नशिबावर होतं.

जुना काळा रंग थिनरने उतरवला. तासाभराचं चिकट, घाणेरडं काम. रिव्हेटच्या डोक्यांभोवती जुना टूथब्रश लागला. मग ३२० आणि त्यानंतर ४०० नंबरचा वॉटर पेपर, पाणी लावून. खड्डे पूर्ण गेले नाहीत, मी फार मागे लागलोही नाही. त्याऐवजी सगळ्या कडा आणि कोपरे थोडे गोल केले. धारदार कडेवरून ओला रंग मागे सरतो आणि नेमका जिथे धक्का बसणार तिथेच थर सगळ्यात पातळ राहतो. हे मला माहीत होतं, तरी कडीजवळचे दोन कोपरे मी कंटाळून सोडले. त्यांचं पुढे येईलच. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतलं आणि तिथून पुढे हातमोज्याशिवाय डबीला हात लावला नाही.

प्रायमर मात्र स्प्रेच्या डब्यातला नाही. ॲल्युमिनियमला एचिंग प्रायमर लागतो, त्यात थोडं फॉस्फोरिक आम्ल असतं, ते पत्र्याला किंचित खाऊन पकड धरतं. द्वारका चौकाकडच्या ऑटो पेंटच्या दुकानात तो होता, पण लिटरात, वर हार्डनर वेगळा. एका डबीसाठी लिटर कोण घेणार? घराजवळच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्या भाऊंनी एका कारच्या दाराबरोबर माझी डबी आणि पट्टी टांगली आणि बंदुकीने एक पातळ हात मारून दिला. पैसे घेतले नाहीत. पुढच्या हंगामात द्राक्षांची एक पेटी गेली, ती कितीची पडली ते दादालाच विचारा.

पावडर कोटिंग का केलं नाही, हे कंपनीतल्या मित्रांनी विचारलं. अंबड एमआयडीसीत कुणीही करून देईल, पण त्याची भट्टी १८० ते २०० अंशांची. आतला फोम काढायला हवा, आणि एका डबीसाठी भट्टी कोण तापवणार? लॉटमध्ये घुसवू म्हणाले, पण लॉट काळा होता.

केशरी मी गच्चीवरच मारला, एका मोठ्या खोक्यात डबी तारेने टांगून. नोव्हेंबरातली सकाळ, डबा हाताला गार. गार डब्यात दाब कमी असतो, मग बारीक फवाऱ्याऐवजी थेंब पडतात. म्हणून तो बादलीतल्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवला. कोमट म्हणजे कोमटच, उकळत्या पाण्यात स्प्रेचा डबा बुडवणं म्हणजे फटाका पेटवणं. बायको बाथरूमच्या दारात उभी राहून म्हणाली, "आता रंगालाही आंघोळ?" अकरा वाजता ऊन चढल्यावर सुरुवात केली. डबा दोन मिनिटं हलवायचा, आतली गोळी वाजायला लागल्यावरही. वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, फवारा वस्तूच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा. पहिला हात इतका पातळ की खालचा प्रायमर दिसत राहावा. तो बघून आपण घाबरतो आणि तिथेच जास्त दाबतो, मग ओघळ येतो. चार हात दिले, प्रत्येक दोघांत पंधरा मिनिटं. तिसऱ्या हाताला वारा आला आणि शेजारच्या काकूंच्या पांढऱ्या चादरीवर केशरी तीट लागली. नवी चादर घेऊन दिली. खोक्याचं तोंड दोरीकडे नको, भिंतीकडे हवं, हे तेव्हा सुचलं.

वरचा लॅकर पुन्हा गॅरेजवाल्या भाऊंकडूनच मारून घेतला, आठवडाभर थांबून. टू-के लॅकर, म्हणजे हार्डनर मिसळायचा. त्यात आयसोसायनेट असतं. ते छातीत जाऊ देऊ नये, साध्या रुमालाने किंवा धुळीच्या मास्कने थांबत नाही. त्यामुळे घरी मारायचा विचारही केला नाही. मग पट्टीवर आमचा नेहमीचा क्रॉस-कट केला. ब्लेडने उभ्या-आडव्या रेघा पाडून जाळी करायची, टेप चिकटवून ओढायची. शून्य ते पाचमध्ये शून्य म्हणजे एकही चौकोन न सुटलेला. प्रायमर असलेली बाजू शून्यावर आली. मागची बाजू मुद्दाम बिनप्रायमरची ठेवली होती, तिथला रंग टेपबरोबर सरळ निघून आला. ती पट्टी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. कंपनीत नवीन पोरं आली की दाखवतो.

आता आठ महिन्यांचा हिशोब.

डिसेंबरभर डबी खिळ्यालाच. जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत रोज हातात. घडाच्या वरचा, मधला, खालचा मणी घ्या, रस टाका, बघा, पुसा, पुढच्या ओळीत. हात रसाने चिकट, त्यावर माती. ओल्या फडक्याने पुसलं की डबी जशीच्या तशी. रंग विटलेला दिसत नाही. झाकणाची आतली बाजू आणि बाहेरचं झाकण शेजारी धरून पाहिलं, डोळ्याला फरक कळत नाही. दुपारी दोनला ओळीत ठेवलेली डबी उघडून पाण्याने शून्य तपासलं तेव्हा रेघ जागेवर होती. सावलीत ठेवायची सवय दादाला आता लागलीय, त्याचंही श्रेय आहे, सगळं केशरीला देत नाही.

तक्रारी आहेत. पहिली माझीच चूक. झाकणाच्या ओठावर मास्किंग टेप लावली नव्हती. प्रायमर, चार हात आणि लॅकर मिळून थर भरपूर झाला आणि झाकण घट्ट बसायला लागलं. पहिल्या आठवड्यात उघडताना करकर आवाज, नंतर ओठावरचा रंग घासून गेला. शेवटी १००० नंबरच्या पेपरने तेवढा भाग साफ केला. तिथे आता उघडा पत्रा आहे, पण तो आत झाकला जातो.

दुसरी, तळ. लॅकर मारताना डबी टांगलेली होती आणि तळाला नीट पोचला नाही. मला कळलं नाही, भाऊंनाही नाही. फेब्रुवारीत दादाने ती कीटकनाशकाच्या सांडलेल्या थेंबांवर ठेवली. ईसी प्रकारच्या, म्हणजे पाण्यात मिसळून दुधाळ होणाऱ्या औषधांत द्रावक असतं. तळाचा केशरी मऊ पडला आणि दादाच्या अंगठ्याचा ठसा त्यात कायमचा उमटला. तेच औषध बाजूला ओघळलं होतं तिथे काही झालं नाही. नुसता ॲक्रिलिक आणि टू-के लॅकरमधला फरक सांगायला मला यापुढे दुसरं काही लागणार नाही.

तिसरी, ते सोडलेले दोन कोपरे. एप्रिलमध्ये खरड छाटणीच्या वेळी डबी दगडावर पडली आणि दोन्हीकडे टवके उडाले, तांदळाच्या दाण्याएवढे. गोल केलेल्या कोपऱ्यांनाही मार बसलाय, तिथे नुसते ओरखडे आहेत. जूनपासून बोर्डो पुन्हा सुरू झाला. निळे शिंतोडे लॅकरवर बसतात, व्हिनेगर घातलेल्या पाण्याने पुसले की जातात. पण टवक्यांत ते शिरले आणि एका ठिकाणी रंगाखाली फोड धरलाय. गेल्या रविवारी तो कापून काढला, घासला, आणि स्प्रे टोपणात थोडा फवारून काडीने दोन टिंबं लावली. खाली प्रायमर नाही, त्यामुळे हे फार दिवस टिकणार नाही. ऑक्टोबर छाटणीच्या आधी भाऊंकडे पुन्हा एखादं दार आलं की कोपरे नीट करून घेईन.

आणि वास. रंग दिल्यावर दहा-बारा दिवस डबी उघडी ठेवावी लागली. बंद केली की आत थिनरचा दर्प कोंडायचा आणि फोममध्ये मुरायचा. मीटर तेवढे दिवस दादाच्या जुन्या मोज्यात होता.

एकूण खर्च: रंग अडीचशे, पेपर, टेप आणि अल्कोहोल मिळून दीडशेच्या आसपास, चादर साडेचारशे. डबी घडवून घ्यायला जेवढे लागले त्याहून हे जास्त आहे, आणि बायकोने हे दोनदा सांगितलंय.

काल दादाचा फोन होता. छाटणीच्या कात्र्या वाळलेल्या काड्यांत सापडत नाहीत, त्यांनाही तोच केशरी मारशील का म्हणाला. मुठी मारून देतो म्हटलं, पाती नाही.