एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी, काही महिन्यांनंतर: त्या १०० टक्क्यांवर जाऊ नका

एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी, म्हणजे ईएसी, हे ऑडिओ सीडीवरची गाणी कॉम्प्युटरवर उतरवणारं सॉफ्टवेअर. त्याचा सिक्युअर मोड म्हणजे काय आणि ऑफसेट (ड्राइव्ह वाचन किती नमुने पुढेमागे सुरू करतो तो फरक) कुठे भरायचा हे इथे वाचणाऱ्यांना माहीत असणार, त्यामुळे ते सोडतो. मला बोलायचंय ते ईएसी प्रत्येक गाण्यापुढे दाखवतं त्या एका आकड्याबद्दल: ट्रॅक क्वालिटी १०० टक्के.

जुन्या ड्राइव्हने मान टाकली म्हणून नवा यूएसबी ड्राइव्ह घेतला. पहिल्याच सीडीला सगळ्या गाण्यांपुढे १००, तेही झटपट. पण लॉग उघडला तर दोन गाण्यांचा टेस्टचा, म्हणजे आधीच्या चाचणी-वाचनाचा, सीआरसी (वाचलेल्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) एक आणि कॉपीचा दुसराच. अ‍ॅक्युरेटरिपमध्येही (लोकांनी त्याच सीडीवरून काढलेल्या कॉप्यांचे आकडे साठवणारा ऑनलाइन डेटाबेस) नेमकी तीच दोन जुळत नव्हती. बाकीची जुळली, म्हणजे ऑफसेटचा घोळ नव्हता.

कंपनीला कळवलं. उत्तर आलं: डेटा सीडी नीट कॉपी होते, ड्राइव्हमध्ये दोष नाही. आता यांना कोण सांगणार! सीडीच्या एका सेक्टरमध्ये २३५२ बाइट असतात. डेटा सीडीत त्यातले २०४८ माहितीला आणि २७६ जास्तीच्या चूक-दुरुस्तीला. ऑडिओ सीडीत सगळेच्या सगळे २३५२ आवाजाला. त्यामुळे दोन्ही सीडींत असणारी पहिल्या पातळीवरची दुरुस्ती कमी पडली की ड्राइव्ह आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाजाने जागा भरतो आणि बहुतेक वेळा त्याचा पत्ताही लागू देत नाही. डेटा सीडी चालली यावरून ऑडिओबद्दल काहीच सिद्ध होत नाही. मेलवर मेल टाकले. शेवटी त्यांनी तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद केली.

ड्राइव्ह परत करायच्या बेतात होतो, पण त्याआधी सेटिंग पुन्हा चाळली. सिक्युअर मोड प्रत्येक भाग दोनदा वाचून ताडून बघतो. जुळलं नाही तर १६-१६ च्या गटांनी, जास्तीत जास्त ८२ वेळा वाचतो. मेख अशी की दुसरं वाचन ड्राइव्हने सीडीवरून न करता स्वतःच्या कॅशमधून (तात्पुरत्या साठ्यातून) दिलं तर तीच चूक पुन्हा येते आणि ईएसीला वाटतं, जुळलं. माझा ड्राइव्ह कॅश करत नाही, असा निर्वाळा ईएसीच्याच तपासणीने दिला होता. तो बाजूला ठेवून ‘ड्राइव्ह ऑडिओ कॅश करतो’वर हाताने टिक केली. वेग कोसळला, ड्राइव्ह कण्हायला लागला, आणि त्या दोन गाण्यांपुढे शंभरच्या खालचे आकडे आले. अ‍ॅक्युरेटरिपने मात्र आता दोन्ही अचूक ठरवली!

म्हणजे ड्राइव्ह ठीक निघाला. वॉरंटीवाल्यांबद्दलचं मत तेच आहे, कारण त्यांचं उत्तर बरोबर असलं तरी कारण चुकीचंच होतं.

तर हा आकडा एवढंच सांगतो: कमीत कमी जेवढ्या वाचनांत काम भागलं असतं त्याच्या तुलनेत प्रत्यक्षात किती करावी लागली. ९९.७ म्हणजे गाण्याचा ०.३ टक्का हरवला असं अजिबात नाही. तरी लोक ९९.७ दिसलं की सीडी पुसत बसतात आणि १०० दिसलं की निर्धास्त झोपतात. माझ्या हातात असतं तर हा रकाना काढूनच टाकला असता. सीआरसी जुळला का, अ‍ॅक्युरेटरिपमध्ये किती जणांशी जुळला, एवढं पुरे.

दुर्मिळ सीडी अ‍ॅक्युरेटरिपमध्ये नसते, तिथे वेगळ्या ड्राइव्हवर पुन्हा वाचून सीआरसी ताडणं हाच उपाय. त्यासाठी जुना ड्राइव्ह खोलला. ट्रेचा रबरी पट्टा सैल झाला होता, तो बदलला आणि चालू झाला. तिसरा घ्यायचा प्रश्नच नव्हता.

बाकी ईएसीचा चेहरामोहरा जुनाट आहे, मेनू कोड्यात बोलतात, पण त्याचं मला काही नाही. सीटीडीबीची (क्यूटूल्स या सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन डेटाबेसची) जोड मात्र अनपेक्षित सुखाची. तिथे नुसता पडताळा होत नाही, बहुतेक सीडींसाठी दुरुस्तीची माहितीही साठवलेली असते. एका ओरखडलेल्या सीडीचं शेवटचं गाणं क्यूटूल्सने त्यातूनच सावरलं. खराबी थोडक्यात असेल तरच हे जमतं. आरपार खरवडलेल्या सीडीला तिथेही इलाज नाही.