डोना ट्रॉयचं पुस्तक: एका ३८ व्या अंकासाठी तरी घ्याच

टीन टायटन्स या तरुण सुपरहिरोंच्या टीमच्या कॉमिक्सचं 'हू इज डोना ट्रॉय?' हे कलेक्शन मागच्या महिन्यात सेकंडहँड मिळालं, कोपरे दुमडलेले होते पण पानं सगळी शाबूत, दोनदा वाचून झालं म्हणून आता लिहिते. डोना म्हणजे वंडर वुमनची ती धाकटी बहीण जिची जन्मकथा डीसी या कॉमिक्स कंपनीने इतक्यांदा बदललीय की फॅन्सना आपापल्या थिअऱ्या रचण्यावाचून गत्यंतरच राहिलं नाही, आणि त्यातल्या बऱ्याच थिअऱ्या ज्या अंकावर उभ्या आहेत तो अंक यात आहे.

मूळ घोळ असा की वंडर वुमनच्या जुन्या अंकांत वंडर गर्ल (डोनाचं सुपरहिरो नाव) म्हणजे वेगळी कुणी नव्हतीच, ती डायनाच होती, म्हणजे खुद्द वंडर वुमन, लहानपणची. १९६५ मध्ये लेखक बॉब हेनीने मोठी डायना असतानाच तिला रॉबिन, किड फ्लॅश यांच्याबरोबर टीममध्ये घेतलं आणि बसा आता शोधत ही पोरगी कोण ते. १९६९ मध्ये लेखक मार्व्ह वुल्फमनने उत्तर दिलं: जळत्या बिल्डिंगमधून डायनाने वाचवलेलं आणि ॲमेझॉन बायकांनी वाढवलेलं बाळ. पण त्या बाळाचे आईवडील कोण?

ते शोधायचं काम न्यू टीन टायटन्सच्या ३८ व्या अंकात, म्हणजे १९८४ मध्ये, डिक ग्रेसन, म्हणजे रॉबिन, अंगावर घेतो. डोनाचं लग्न ठरलंय आणि त्याआधी आपल्या मैत्रिणीला तिचं मूळ सापडावं एवढंच त्याच्या मनात आहे. अख्ख्या अंकात एकही मारामारी नाही, व्हिलन नाही, नुसतं एक जुनी बाहुली, जुने कागद आणि दार ठोठावून माणसांशी बोलणं, आणि तरी मला पान उलटायची घाई झाली होती. सापडतं ते असं: जन्म देणारी डोरोथी हिंकली, लग्न न झालेली, मरणाला टेकलेली अगदी कोवळी पोर, बाळ दत्तक देते. दत्तक घेणारी फे, तिचा नवरा कामावर अपघातात जातो, एकटीला झेपेना म्हणून तीही पोरीला सोडते, आणि मग ते बाळ मुलं विकणाऱ्या टोळीच्या हाती लागतं. आगीत मेले ते हिचे आईवडील नव्हतेच, ते विकणारे होते. शेवटी डोना फेला भेटते आणि डोरोथीच्या कबरीपाशी जाते, तिथे चित्रकार जॉर्ज पेरेझने चेहरे असे काढलेत की शब्द नसते तरी चाललं असतं. मला कर्ण आठवला, राधेय म्हणवून घेणारा, पण डोनाला निदान दोघी आया कोण ते वेळेत कळलं.

पुढे लग्नाचा अंक आहे, त्यातही कुणी हल्ला करत नाही, शांतपणे लग्न लागतं, फार गोड.

त्यानंतरचे न्यू टायटन्सचे ५० ते ५४ हे अंक मात्र जड जातात. झालं काय, डीसीने आपलं अख्खं कथाविश्व नव्याने मांडलं त्या १९८५-८६ च्या 'क्रायसिस' मालिकेनंतर डायनाची गोष्ट नव्याने सुरू झाली, ती माणसांच्या जगात आत्ताच आली असं ठरलं, मग डोनाला आगीतून वाचवलं कुणी? तर ग्रीक पुराणातल्या टायटन रियाने, आणि तशीच बारा अनाथ मुलं म्हणे या पुराणातल्या टायटन्सनी वाढवली, जुन्या शहरांची नावं दिली, आठवणी पुसल्या आणि परत पाठवली. ट्रॉय नावाचा उलगडा छान जमलाय हे मान्य, पण अंकात पात्रांची इतकी गर्दी की डोना कुठेतरी हरवते आणि डोरोथी तर जवळजवळ पुसलीच जाते, त्याचं मला खरंच वाईट वाटलं. नंतर १९९८ मध्ये लेखक जॉन बर्नने तिला डायनाची आरशातून उतरलेली प्रतिमा केलं, पुढे मातीची बाहुलीही करून झाली, दर वेळी आई काढून घेतली आणि जादू दिली.

म्हणून मला पटलेली थिअरी साधी आहे. डोरोथी आणि फे जशाच्या तशा ठेवा, फक्त आगीतून उचलणारी डायना नाही तर तिची आई हिपोलिटा. बर्नच्याच गोष्टीत हिपोलिटा काळात मागे जाऊन १९४० च्या दशकात वंडर वुमन झालेली आहे, मग ती आणखी एकदा माणसांत आली असं धरलं की वर्षांचा तिढा सुटतो, डायना बहीणच राहते आणि डोनाला तीन आया मिळतात, एक जन्माची, एक सांभाळणारी, एक आगीतून उचलणारी. यात कुणालाच खोटं ठरवावं लागत नाही.

पाचपैकी चार स्टार. नवीन वाचणाऱ्यांनी ३८ वा अंक आणि लग्न एका बैठकीत वाचा, मग पुस्तक दोनचार दिवस बाजूला ठेवा आणि रियाची गोष्ट सवडीने काढा, सलग वाचलं तर डोरोथी डोक्यातून जात नाही आणि पुढचं काही आत शिरत नाही.