जुनी ऑफिस-इमारत: हॉटेल करावी की ऑफिसच ठेवावी?

सोलापुरात नवी पेठ, स्टेशन रोड किंवा सात रस्त्याला चार-पाच मजली जुनी इमारत आहे, तळाची दुकानं चालतात, वरची ऑफिसं मात्र एकेक करून रिकामी होत आहेत. अशा मालकासमोर तीन वाटा असतात: ऑफिसच ठेवायचं, मुक्कामाचं हॉटेल करायचं किंवा पाडून नवं बांधायचं. जागा मोक्याची आहे, तर हॉटेल चालणारच, असा हिशोब बरेच जण मांडतात. पण निर्णय जागेवर कमी आणि मजल्याच्या आकारावर जास्त ठरतो. ऑफिसांचं हॉटेल झालेल्या दोन नामांकित इमारतींचा इतिहास हेच सांगतो.

शिकागोची रिलायन्स बिल्डिंग 1895 ची. पाया आणि तळमजला 1890-91 मध्येच झाला होता, पण त्याच जागेवरच्या जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यांवरच्या भाडेकरूंचे करार 1894 पर्यंत होते. म्हणून ते मजले जॅकवर तोलून धरले आणि त्यांच्याखाली नवा तळमजला बांधला. करार संपल्यावर पोलादी सांगाडा चढला. वरच्या दहा मजल्यांचा सांगाडा 15 दिवसांत उभा राहिला. वर डॉक्टर आणि दंतवैद्य बसायचे. पुढे बाजार उतरला, वरचे मजले ओस पडले. 1990 च्या दशकात शहर प्रशासनाने इमारत घेऊन आधी दर्शनी भाग दुरुस्त केला आणि 1999 मध्ये तिथे 122 खोल्यांचं हॉटेल सुरू झालं.

फिलाडेल्फियाची पीएसएफएस (फिलाडेल्फिया सेव्हिंग फंड सोसायटी) इमारत 1932 ची. हॉव आणि लेस्काझ या वास्तुकारांनी आखलेली, 36 मजली, याच बँकेची. वातानुकूलन असलेल्या अमेरिकेतल्या पहिल्या उंच इमारतींपैकी ती एक. रस्त्यालगतची जागा दुकानांना दिली आणि बँकेचा हॉल वर नेला, तिथे सरकत्या जिन्याने जायचं. 1992 मध्ये बँक बुडाली. 2000 मध्ये तिथे 581 खोल्यांचं हॉटेल उघडलं आणि बँकेचा हॉल समारंभांसाठी वापरात आला. जवळच 1993 मध्ये मोठं अधिवेशन केंद्र सुरू झालं होतं, त्यामुळे गिऱ्हाईक आधीपासून तयार होतं.

दोन्हीकडे भार भिंतींवर नव्हता, सांगाड्यावर होता, म्हणून आतल्या भिंती हव्या तशा हलवता आल्या. आणि दोन्हीकडे मजले अरुंद होते. कुठलीही खोली खिडकीपासून लांब पडत नव्हती.

सोलापुरात घोडं इथेच अडतं. पेठेतल्या बहुतेक प्लॉटना दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत असते आणि इमारत आत 18-20 मीटर खोल गेलेली असते. हॉटेलला मधे 1.5 मीटरचा पॅसेज आणि दोन्ही बाजूंना साडेपाच मीटरच्या खोल्या लागतात, म्हणजे साधारण 12.5 मीटर. त्यापुढची जागा उजेडाविना राहते. ऑफिसला ट्यूबलाइटवर भागतं. मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला मात्र खिडकी हवीच. मधला स्लॅब कापून वाड्यासारखा चौक काढता येतो, पण एकही बीम न तोडता, आणि तेवढं क्षेत्र कायमचं सोडून द्यावं लागतं. इमारत कोपऱ्यावर असेल किंवा दोन बाजू मोकळ्या असतील, तरच पुढचा विचार करावा.

मग येतं बाथरूम. ऑफिसच्या मजल्यावर एकच संडास-ब्लॉक असतो, हॉटेलला खोलीगणिक एक लागतो. 300 मिमी विटांच्या तुकड्यांची भर घालून पाइप लपवायचे ठरवले, तर चौरस मीटरला 500 किलोहून जास्त वजन चढतं. ऑफिसचा स्लॅब साधारणपणे 250 ते 400 किलो वापरभारासाठी (माणसं आणि सामानाचं वजन) धरलेला असतो. तिथेच स्लॅब वाकतो, भेगा पडतात आणि खालच्या दुकानात गळती सुरू होते. म्हणून कमोड भिंतीला टांगलेला घ्यावा आणि पाइपांचा उभा डक्ट बाथरूमला लागूनच ठेवावा. 100 मिमी पाइपला 1:40 उतार लागतो. चार मीटर आडवा नेला की तो 100 मिमी खाली येतो, म्हणजे खालच्या मजल्याचं छत तेवढं खाली घ्यावं लागतं.

पार्टिशनचंही तसंच. तीन मीटर उंच, अर्ध्या विटेची भिंत प्लास्टरसह लांबीच्या मीटरला सुमारे 800 किलो भरते. हलक्या एएसी ब्लॉकची 100 मिमी भिंत त्याच्या निम्म्याहूनही कमी. हॉटेल करायचंच असेल तर विटा विसराव्यात.

पाण्याचा हिशोब आधी करावा. प्रमाण धरलं जातं ते ऑफिसला माणशी 45 लिटर आणि साध्या हॉटेलला खाटेमागे 180. तीस खोल्या, साठ खाटा, म्हणजे रोज 10,800 लिटर. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. पाच दिवसांचा साठा धरला तर 54,000 लिटरची जमिनीखालची टाकी लागते. तळमजल्यावर दुकानं असतील तर टाकी कुठे खोदणार? बोअरच्या जड पाण्याने गीझरच्या कॉइलवर क्षार बसतात, तेव्हा सॉफ्टनरही धरावा. अक्कलकोट-तुळजापूरला निघालेले भाविक पहाटेच अंघोळ उरकतात. तीस गीझर एकाच वेळी लागले तर 60 किलोवॉट भार येतो. त्यापेक्षा गच्चीवर सोलर हीटर घ्यावा, फक्त त्याची टाकी थेट कॉलमच्या डोक्यावर बसेल असं पाहावं.

भाविक, चादर-टॉवेलचे व्यापारी, मोठ्या दवाखान्यांत पेशंट घेऊन आलेले नातेवाईक, जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. सोलापुरात खोल्यांना मागणी आहे, पण ती दिवसांवर अवलंबून आहे. ऑफिसचं भाडं कमी असेल, तरी महिन्याला येतं. करातही फरक पडतो. 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के जीएसटी आहे, पण खरेदीवर भरलेला कर वळता होत नाही. ऑफिसच्या भाड्यावर 18 टक्के लागतो, तो नोंदणीकृत भाडेकरू वळता करून घेऊ शकतो.

आगीचे नियमही कडक होतात. वापर बदलण्याची परवानगी महापालिकेकडून घ्यावी लागते. हॉटेलला 1.5 मीटर रुंदीचा जिना लागतो, जुन्या इमारतींत तो बहुधा अरुंद असतो. दुसरा जिना बाहेरून लोखंडी करायचा म्हटलं तरी मागे जागा हवी. शिवाय जानेवारी आणि जुलैत अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं.

पाडून नवं बांधणं सर्वांत सोपं वाटतं, पण पेठेत ते बहुधा सर्वांत महाग पडतं. नव्या नियमांनुसार मोकळी जागा आणि पार्किंग सोडलं की रस्त्यालगतची दुकानं आक्रसतात, आणि खरं भाडं तीच देतात. काँक्रीटच खराब असेल तरच हा रस्ता धरावा. तपासायला कॉलमचा कोपरा ताजा फोडून त्यावर फिनॉल्फथॅलिन हे रंग बदलणारं रसायन फवारावं. गुलाबी झालं तर ते काँक्रीट अजून सळईला जपतंय. सळईपर्यंत रंगच आला नाही, तर गंजाला वाट मोकळी झाली आहे. ही चाचणी गच्चीलगतच्या आणि संडासामागच्या कॉलमवर आधी करावी, कारण ओल तिथेच मुरते.

दोन्ही बाजू बंद आणि खोल असलेल्या इमारतीत आमचा कौल ऑफिसलाच, त्यातही डॉक्टरांच्या क्लिनिकना. फक्त लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावायला हवं. मजला 13 मीटरच्या आत, दोन बाजू मोकळ्या आणि मागे टाकीला जागा असेल, तर तळाची दुकानं तशीच ठेवून वर हॉटेल करावं. मात्र वरच्या भाडेकरूंचे करार लेखी संपल्याशिवाय आराखड्यावर पैसा घालू नये.