न्हाणीघरात लॅमिनेट : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीनंतर लातूरच्या घरातील न्हाणीघराचे काम काढले, तेव्हा बेसिनकडच्या कोरड्या भागात शाहाबादी काढून सागवानी रंगाचे ८ मिलिमीटरचे लॅमिनेट बसवावे, हा हट्ट माझाच होता. मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला होता : "काका, याला उतार कसा काढायचा?" मी तो कानाआड केला.

लॅमिनेटच्या पट्ट्या खाचेत खाच अडकवून बसतात आणि त्यासाठी खालची जमीन सपाट लागते. न्हाणीघराची जमीन मात्र जाळीकडे उतरतीच हवी. त्यामुळे बादलीने अंघोळ करताना उडालेले पाणी सपाट भागात आले की तिथेच थांबे. हिवाळ्यात पायाला गारठा लागत नसे, हे सुख मात्र खरे.

घात केला तो पिंपाने. २०१६ साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे नळ चार-आठ दिवसांआड येतो आणि २०० लिटरचे पिंप न्हाणीघरातच ठेवावे लागते. पिंपाखालची ओल कधी वाळलीच नाही. लॅमिनेटचा वरचा थर पाण्याला दाद देत नाही, पण आतला गाभा दाबून घट्ट केलेल्या लाकडी तंतूंचा असतो आणि सांध्यातून शिरलेले पाणी तो शोषून घेतो. श्रावणात कडा फुगून नखाला लागू लागल्या. पिंप हलवून महिनाभर वाळवले, तरी त्या बसल्या नाहीत. पट्ट्या उचलल्या, तर खालचा फोम काळा पडून कुबट वास मारत होता.

बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग हा वेगळा ताप. टाइलवर ते अ‍ॅसिडने निघतात. लॅमिनेट मात्र पिळलेल्या फडक्यानेच पुसावे लागते, म्हणजे डाग राहतातच.

दुकानदार आता एसपीसीच्या पट्ट्या सुचवतो. चुनखडीची भुकटी आणि प्लॅस्टिक यांचा तो गाभा फुगत नाही, हे मान्य. परंतु पट्टी वॉटरप्रूफ असली म्हणून सांध्यातून खाली गेलेले पाणी परत वर येत नाही आणि उताराचा प्रश्नही सुटत नाही. अस्सल सागवान पाण्याला अधिक टिकते, पण सांधे त्यालाही असतातच, आणि त्याचा खर्च मला झेपणारा नव्हता.

अखेर लाकडी नक्षीची, न घसरणारी टाइल उतार काढून बसवली. जादा आणलेल्या लॅमिनेटच्या पट्ट्या माडीवरच्या पुस्तकांच्या खोलीत घातल्या आहेत. तिथे त्यांना अजून ओरखडाही नाही.