मोटार वाहन निरीक्षक की रेल्वेचा वाहतूक अधिकारी?

वाहतूक क्षेत्रातच शासकीय सेवा करायची असे ज्यांनी ठरवले आहे, त्यांच्यापुढे महाराष्ट्रात प्रामुख्याने दोन वाटा असतात. एक वाट लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून सहायक मोटार वाहन निरीक्षकाच्या पदाकडे, म्हणजे आरटीओ कार्यालयाकडे जाते. दुसरी केंद्रीय नागरी सेवा परीक्षेतून रेल्वेच्या वाहतूक शाखेकडे. बहुतेक उमेदवार या दोहोंची तुलना पगार आणि पदनाम यांवरून करतात. माझ्या मते आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. समोर उभे असलेले एकेक वाहन तपासून स्वतःच्या सहीने निर्णय देणे तुम्हाला अधिक जमेल, की नजरेआड धावणाऱ्या अनेक गाड्यांचा प्रवाह अखंड चालू ठेवणे?

शिक्षणाची अट पाहिली तरी निम्मा निर्णय होऊन जातो. निरीक्षकाच्या पदासाठी यंत्र किंवा ऑटोमोबाइल अभियांत्रिकीची पदविका लागते, वाहन चालवण्याचा परवाना लागतो आणि मुख्य परीक्षेचा भर याच विषयांवर असतो. रेल्वेच्या वाहतूक सेवेसाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते, मात्र स्पर्धा देशभरातील उमेदवारांशी असते आणि कोणती सेवा मिळणार हे गुणवत्ता क्रमावर व पसंतीक्रमावर ठरते. म्हणजे निरीक्षक होण्यासाठी तुम्ही थेट त्याच पदाची तयारी करता. रेल्वेत जाण्यासाठी मात्र एका मोठ्या परीक्षेची तयारी करून त्यातून ती सेवा पदरात पडण्याची वाट पाहावी लागते. पदविकाधारकांनी निरीक्षकाचे पद दुय्यम पर्याय म्हणून निवडू नये, असे मला मनापासून वाटते, कारण कार्यशाळेत मिळवलेले ज्ञान दररोज वापरायला मिळेल अशी शासकीय पदे फार थोडी आहेत.

ते ज्ञान कसे लागते, हे योग्यता प्रमाणपत्राच्या तपासणीत दिसते. व्यावसायिक वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी हे प्रमाणपत्र घ्यावे लागते. शाळेची बस तपासणीला आली, तर चेसिस क्रमांक कागदपत्रांशी जुळतो का, स्टीअरिंगला ढिलाई किती आहे, ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, आपत्कालीन दरवाजा खरोखर उघडतो का, हे सगळे पाहावे लागते. दरवाजा गंजून घट्ट बसला असेल आणि मालक ‘उद्या करून घेतो साहेब’ म्हणत असेल, तर प्रमाणपत्र नाकारण्याचा अधिकार आणि जबाबदारी त्या निरीक्षकाचीच असते. समोर मालकाची घाई, बाहेर मध्यस्थांचा दबाव आणि कागदावर आपले नाव, अशा स्थितीत ठाम राहता येईल का, हे उमेदवाराने स्वतःला आजच विचारावे. याखेरीज परवान्याच्या चाचण्या, वायुवेग पथकासोबत, म्हणजे आरटीओच्या फिरत्या पथकासोबत, रस्त्यावरील तपासणी, जादा भार वाहणाऱ्या ट्रकवर कारवाई आणि अपघातग्रस्त वाहनांची तपासणी ही कामे असतात. शिकाऊ परवान्याची चाचणी आता घरबसल्या देता येते आणि स्वयंचलित तपासणी केंद्रेही येत आहेत. त्यामुळे पुढच्या काळात कार्यालयातील काम घटून रस्त्यावरील अंमलबजावणीचे वाढेल, असा माझा अंदाज आहे.

रेल्वेच्या वाहतूक अधिकाऱ्याचे जग नियंत्रण कक्षाभोवती फिरते. मध्य रेल्वेचे मुंबई, भुसावळ, नागपूर, पुणे आणि सोलापूर असे पाच विभाग आहेत आणि प्रत्येक विभागातील गाड्यांची हालचाल तिथल्या नियंत्रण कक्षातून अहोरात्र पाहिली जाते. उदाहरण घ्यायचे तर कर्जत ते लोणावळा हा बोर घाट. तेथे दर ३७ मीटरला एक मीटर असा तीव्र चढ असल्याने गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिने जोडावी लागतात. बँकर वेळेवर मोकळे झाले नाही, तर मालगाडी कर्जतला थांबते आणि मागची एक्सप्रेस तिच्यामुळे खोळंबू लागते. त्यातच अभियांत्रिकी विभागाने रुळांच्या दुरुस्तीसाठी ब्लॉक, म्हणजे काही काळ मार्ग बंद, मागितलेला असतो. कोणाला पुढे काढायचे आणि कोणाला थांबवायचे याचे क्षणाक्षणाचे निर्णय नियंत्रक घेत असतो. पण त्या व्यवस्थेची आखणी करणे, अडचणीत निर्णय देणे आणि वरिष्ठांना उत्तर देणे हे अधिकाऱ्याच्या वाट्याला येते. तो एकही गाडी स्वतः चालवत नाही, तरीही प्रत्येक खोळंब्याचा हिशेब त्याच्याकडे मागितला जातो.

वेतनाबाबत फार लिहिण्यासारखे नाही. सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत निरीक्षकाचे मूळ वेतन ३८,६०० रुपयांपासून आणि रेल्वेतील गट ‘अ’ अधिकाऱ्याचे ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. बढतीतील फरक अधिक मोठा आहे. निरीक्षक पुढे सहायक प्रादेशिक परिवहन अधिकारी व त्यावरच्या पदांवर जाऊ शकतो, पण परिवहन आयुक्तपदी सहसा भारतीय प्रशासकीय सेवेतील अधिकारी असतो. रेल्वेत मात्र वाहतूक शाखेतून आलेला अधिकारी विभागीय व्यवस्थापक आणि महाव्यवस्थापकही होऊ शकतो. या सेवेची रचना अलीकडे दोनदा बदलली आहे, हेही ध्यानात ठेवावे: २०१९ मध्ये आठ सेवा एकत्र करून रेल्वे व्यवस्थापन सेवा निर्माण करण्याचा निर्णय झाला आणि आता त्याच सेवेत वाहतूक, लेखा व कार्मिक अशा शाखांची वेगळी भरती नागरी सेवा परीक्षेतून होते.

घराचा विचार करणाऱ्यांसाठी निरीक्षकाची बाजू जड आहे, कारण बदली झाली तरी राज्याबाहेर जावे लागत नाही. रेल्वेचा अधिकारी देशात कुठेही जाऊ शकतो आणि मध्यरात्रीचा दूरध्वनी त्याच्या नोकरीचाच भाग असतो. ज्यांना गाड्यांच्या परिचालनाचीच ओढ आहे, पण नागरी सेवा परीक्षेचा लांब प्रवास नको, त्यांनी रेल्वे भरती मंडळामार्फत भरल्या जाणाऱ्या स्टेशन मास्तरच्या पदाकडे पाहावे. त्याचे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते.

वयाची अटही निर्णायक ठरते. खुल्या प्रवर्गात केंद्राची कमाल मर्यादा ३२ वर्षे आणि सहा प्रयत्न अशी आहे, तर राज्यात ती ३८ वर्षे आहे. म्हणून पदविका आणि पदवी दोन्ही हाती असलेल्या उमेदवाराने आधी केंद्राचे प्रयत्न करावेत. पण कोणताही अर्ज भरण्याआधी रंगदृष्टी नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घ्यावी. रेल्वेच्या वाहतूक सेवेत आणि स्टेशन मास्तरसाठी ती कसून तपासली जाते, आणि वर्षानुवर्षांच्या अभ्यासानंतर वैद्यकीय चाचणीत हे कळणे फार जड जाते.