ओठावरच्या फोडांसाठी अ‍ॅसायक्लोविर ५ टक्के क्रीम: केव्हा लावावे आणि किती अपेक्षा ठेवावी

ताप उतरत असताना, जागरणांच्या आठवड्यानंतर किंवा मे महिन्याच्या उन्हातून प्रवास करून आल्यावर ओठाच्या कडेला बारीक पाणीदार फोडांचा पुंजका उठतो, दोन-तीन दिवसांत तो फुटतो, त्यावर पिवळसर खपली धरते आणि साधारण आठ-दहा दिवसांत, बहुधा डाग न ठेवता, सगळे नाहीसे होते. घरातली मोठी माणसे याला जर उठला म्हणतात, कोणी रात्री काहीतरी चावले असेल म्हणतात, डॉक्टर हर्पिस लेबियालिस, म्हणजे हर्पिस विषाणूमुळे ओठावर येणारे फोड, असे लिहितात. त्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या अ‍ॅसायक्लोविर ५ टक्के क्रीमचे हे परीक्षण आहे. झोविरॅक्स, अ‍ॅसिविर, हर्पेक्स अशी त्याची वेगवेगळी नावे असली तरी आतले औषध एकच असल्यामुळे नावावरून भेद करण्यात फारसा अर्थ नाही.

हे क्रीम उपयोगी आहे, पण त्याचा उपयोग एका अगदी छोट्या वेळेपुरता आहे, असे माझे मत झाले आहे. ज्याला हा त्रास वारंवार होतो त्याला फोड दिसण्याच्या आधीची खूण ओळखू येते: ओठाच्या एका ठरावीक जागी झिणझिण्या येतात, खाज सुटते, कातडी किंचित ताणल्यासारखी वाटते. त्याच तासांत क्रीम लावले तर काही वेळा फोड लहानच राहतो. सकाळी आरशात टपोरा फोड पाहून मग दुकान गाठले, तर क्रीमचे काम ओठ ओलसर ठेवण्यापलीकडे फारसे जात नाही.

याचे कारण औषधाच्या रचनेतच आहे. बरोज वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालेले अ‍ॅसायक्लोविर निरोगी पेशीत जवळजवळ निष्क्रिय पडून राहते. विषाणूकडे थायमिडीन कायनेज नावाचे स्वतःचे एन्झाइम असते, ते या औषधाला चालना देते, आणि मग विषाणूच्या डीएनएची नवी साखळी अर्धवटच थांबते. औषधनिर्मितीच्या ज्या नव्या पद्धतीतून असे औषध साध्य झाले, तिच्या कामासाठी त्याच कंपनीतल्या संशोधक गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मात्र विषाणूची वाढ चालू असतानाच हा डाव साधतो, आणि फोड भरून दिसू लागेपर्यंत ती वाढ बरीचशी उरकलेली असते. शिवाय दोन हल्ल्यांच्या मधल्या काळात हा विषाणू चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या चेतातंतूंच्या गाठीत झोपून राहतो, आणि तिथे ना क्रीम पोहोचते ना गोळीने त्याचे उच्चाटन होते. त्यामुळे ‘कायमचा उपाय’ म्हणून कोणी काही विकत असेल तर त्याच्याकडे दुर्लक्ष करावे.

आकड्यांत सांगायचे तर अमेरिकेतल्या अधिकृत माहितीपत्रकानुसार या क्रीमने दुखण्याचा काळ सरासरी सुमारे अर्ध्या दिवसाने कमी होतो. हा आकडा वाचून अनेकांचा विरस होईल, माझाही झाला. तरीही लग्नसराईत किंवा मुलाखतीच्या तोंडावर ज्याच्या ओठावर हे उठते, त्याला अर्धा दिवसही थोडा वाटत नाही.

वापरण्यातली अडचण अशी की ते दिवसातून पाच वेळा, चार ते पाच दिवस लावायचे असते. पांढरे क्रीम चहाच्या पहिल्या घोटाबरोबर निघून जाते, म्हणून खाणे-पिणे उरकल्यावर लावणे बरे. औषध ज्यात मिसळलेले असते त्या मूळ लेपात काही क्रीममध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल नावाचे द्रव्य बरेच असते. त्यामुळे औषध कातडीत मुरायला मदत होते, पण लावताना चुरचुरते आणि ओठ कोरडे पडतात. बोटाऐवजी कापसाच्या काडीने लावावे, हात धुवावेत, आणि तो हात चुकूनही डोळ्याला लावू नये. विषाणू डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होऊ शकते. फोड असेपर्यंत टॉवेल, पेला आणि लिपस्टिक वेगळी ठेवावी, आणि तान्ह्या बाळाचा पापा तर अजिबात घेऊ नये.

विकत घेताना दोन गोष्टी वेष्टनावर वाचाव्यात. अ‍ॅसायक्लोविरचे ३ टक्क्यांचे मलम डोळ्यांसाठी असते, ते ओठासाठीचे नव्हे. दुसरे म्हणजे खाज, खरूज, गजकर्ण सगळ्यांवर चालते म्हणून घरोघरी पडून असलेली स्टिरॉइडमिश्रित क्रीम या फोडांवर लावू नयेत, कारण त्यांनी त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते आणि संसर्ग पसरू शकतो. गालाच्या आत किंवा जिभेवर येणारे पांढरट व्रण, म्हणजे ज्याला आपण तोंड येणे म्हणतो, ते बहुधा या विषाणूमुळे नसतात, आणि तिथे या क्रीमचा काहीच उपयोग नाही.

प्रतिबंधाच्या बाबतीत क्रीमपेक्षा मला एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचे माप) ३० किंवा त्याहून अधिक असलेला लिप बाम जास्त मोलाचा वाटतो, अर्थात ज्यांचा त्रास उन्हाने चाळवतो त्यांच्यासाठी. अतिनील किरण हे या विषाणूला जागे करणारे माहीत असलेले कारण आहे; शेतावर, गडावर किंवा दुचाकीवर दिवस काढणाऱ्यांनी तो दर दोन तासांनी पुन्हा लावावा. ज्यांना ताप किंवा ताण यामुळे फोड येतात त्यांना लिप बामचा आधार कमी.

वर्षातून सहा-सहा वेळा हा त्रास होणाऱ्याने ट्यूबमागून ट्यूब संपवण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञांना विचारून गोळ्यांचा पर्याय पाहावा. व्हॅलासायक्लोविरच्या २ ग्रॅमच्या दोन मात्रा बारा तासांच्या अंतराने, तेही झिणझिण्या सुरू होताच घेतल्या, तर दुखणे सुमारे एका दिवसाने आटोपते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना मात्र मात्रा बदलावी लागते, म्हणून ती स्वतःच्या मनाने घेऊ नये. फोड डोळ्याजवळ आले, दहा दिवसांत वाळले नाहीत, किंवा रुग्णाला एक्झिमा असेल वा केमोथेरपी चालू असेल, तर क्रीमची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.