कॉर्डलेस ड्रिलची बॅटरी: हिवाळ्यात गॅरेजमध्ये की घरात?

टोरांटोसारख्या ठिकाणी जानेवारीत पारा उणे १० अंशांच्या खाली सहज जातो. लिथियम-आयन बॅटरी बंद गॅरेजात नुसती पडून राहिली म्हणून लगेच खराब होत नाही. खरं तर उष्णतेपेक्षा गारवा तिला मानवतो. पण तिथेच चार्जिंगला लावणं? अजिबात नको. शून्याखाली चार्ज करताना लिथियम बॅटरीच्या ऋण टोकाकडच्या ग्रॅफाइटच्या (कार्बनच्या) थरात शिरण्याऐवजी त्यावर धातूचा थर होऊन बसतं. त्यात गेलेली क्षमता बहुतांशी परत येत नाही, आतून शॉर्ट होण्याचा धोकाही वाढतो. म्हणूनच बरेच चार्जर गारठलेली बॅटरी चार्ज करायला घेतच नाहीत, नुसता दिवा लुकलुकतो.

घरातल्या कपाटातली बॅटरी पहिल्या स्क्रूपासून दमदार चालते. गारठलेलीवर लांब स्क्रू अर्ध्यातच अडकतो. मी तर घरातच ठेवा म्हणेन. बाहेर काम असेल तर एक बॅटरी मशीनला लावा आणि दुसरी, तिची धातूची टोकं झाकून, जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. परत आल्यावर तिच्यावर दव धरतं; ते सुकून बॅटरी खोलीच्या तापमानाला आली की मगच चार्जरला लावा. हिवाळाभर वापरणार नसाल तर साधारण अर्धी चार्ज करून, हीटरपासून लांब ठेवा.